ओहोटीच्या वेळी आखलेली सीमा

प्रति,
किनाऱ्यावरच्या पाणथळ जागांच्या सीमा ठरवणारे अधिकारी, नियोजनकार आणि त्यांचे सल्लागार यांस

सप्रेम नमस्कार.

तुमच्या नकाशावरची पाणथळ जागेची रेषा ज्या मातीच्या बांधावर येऊन संपते, त्याच बांधावर मी गेली सोळा वर्षं फेब्रुवारीच्या अखेरीपासून मार्च संपेपर्यंत दुर्बीण घेऊन उभा राहत आलो आहे. बांधाच्या एका अंगाला खाडी, चिखल आणि खारं गवत. दुसऱ्या अंगाला शेतं. पीक निघून गेलेलं असतं, कुठे धसकटं उरलेली असतात, कुठे नुकती नांगरट झालेली असते. खाडीकडची बाजू संरक्षित आहे. शेतांची बाजू नकाशात पांढरी आहे, म्हणजे तुमच्या लेखी मोकळी जमीन. पक्ष्यांना ही रेषा वर्षभर अधूनमधून ओलांडावी लागते, आणि वसंताच्या तोंडावर तर ती ओलांडल्याशिवाय त्यांचा निभावच लागत नाही. ती शेतंही पाणथळ जागेत धरावीत, एवढं मागण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

चिखलावर चरणाऱ्या पक्ष्यांचा दिवस सूर्यापेक्षा चंद्राच्या हिशेबाने चालतो. बहुतेक किनाऱ्यांवर साधारण साडेबारा तासांनी भरती येते, आणि रोज पाऊण-एक तासाने पुढे सरकते. ओहोटी लागली की मालगुजे, कोरल, जलरंक, तुतवार, टिलवे पाण्याच्या मागे मागे चिखलात उतरतात. मालगुज्याच्या लांब चोचीचं टोक इतकं संवेदनशील असतं की चिखलाच्या आत, डोळ्यांना न दिसणारा किडा त्याला चोचीने कळतो. मग पाणी फिरतं. भरतीच्या आधी आणि नंतर मिळून दोन-तीन तास तरी चिखल पाण्याखाली असतो, आणि तेवढा वेळ या हजारो पक्ष्यांना कुठेतरी कोरड्या पायांनी उभं राहावं लागतं. झोप काढायची, पिसं साफ करायची, खाल्लेलं पचवायचं. त्यासाठी जागा कशी हवी, तर उघडी, सपाट, गवत बोटभर असलेली किंवा नसलेली, आणि चहूबाजूंनी दूरवर दिसेल अशी. बहिरी ससाणा कुठून येईल याचा नेम नसतो, म्हणून आडोसा हाच त्यांना धोका वाटतो.

रोजच्या भरतीला वाळूचा दांडा पुरतो, खाऱ्या गवताची उंचशी पट्टी पुरते. पण २०-२१ मार्चच्या सुमाराला दिवस-रात्र समान होतात, सूर्य विषुववृत्तावर असतो, आणि त्याच्या आगेमागे येणाऱ्या अमावास्या-पौर्णिमेची उधाणं वर्षातल्या सर्वांत मोठ्या उधाणांत मोडतात. त्या दिवशी दांडा बुडतो. गवताची पट्टी बुडते. बांधाच्या खाडीकडच्या अंगाला पक्ष्याला पाय टेकायला हातभर जागा उरत नाही. थवे उठतात, बांधावरून आत येतात आणि शेतात उतरतात. हे मी एकदा-दोनदा पाहिलेलं नाही. उधाण पुरेसं मोठं असलं की दर मार्चमध्ये हेच होतं, आणि होणारच, कारण पाण्याला दुसरीकडे जायचं नसतं आणि पक्ष्यांना दुसरीकडे जाता येत नाही.

त्यात हाच काळ त्यांच्या तयारीचा. उत्तरेकडे निघण्याआधी कितीतरी किनारी पक्ष्यांचं वजन जवळजवळ दुप्पट होतं. पट्टेरी शेपटीच्या मालगुज्याचं शरीर तर आणखी पुढे जातं. लांबच्या उड्डाणाआधी त्याची पेषणी, म्हणजे अन्न दळणारं पोट, आणि आतडी आकसतात, ओझं कमी होतं आणि चरबीला जागा मिळते. २००७ च्या मार्चमध्ये अंगावर उपग्रहाचा ट्रान्समीटर बसवलेली ‘ई-७’ या नावाने ओळखली जाणारी मादी न्यूझीलंडहून उडाली आणि दहा हजारांहून अधिक किलोमीटर न थांबता पार करून पिवळ्या समुद्राच्या किनाऱ्यावर, यालू नदीच्या मुखाजवळ उतरली. तिथे काही आठवडे चरून ती अलास्काला गेली. ऑगस्टच्या अखेरीस तिथून निघाली आणि सुमारे ११,६८० किलोमीटर एका दमात उडून न्यूझीलंडला परतली. वाटेत दाणा नाही, पाणी नाही. एवढ्या प्रवासाची सगळी शिदोरी निघण्याआधीच्या काही आठवड्यांत बांधली जाते. त्या आठवड्यांत पक्ष्याला विनाकारण एकदा उडवलं, तर त्या शिदोरीतला घास आपण काढून घेतला असं समजा.

मागच्या मार्चमधली एक सकाळ सांगतो. भरती भरायला पाऊण तास होता. मी बांधाच्या उतारावर, डोकं तेवढं वर राहील असा बसलो होतो. समोर नांगरलेलं शेत, साठेक पावलांवर. आधी कोरल आले, एकेक करून, हळू पंखांनी. मग बाकदार चोचीच्या तुतवारांचा दोनेकशेचा थवा एकदम आला, शेतावर दोन घिरट्या घालून उतरला आणि दिसेनासा झाला. अक्षरशः दिसेनासा. तपकिरी ढेकळांमध्ये तपकिरी पाठी. टेलिस्कोप लावून एकेक सरी पाहिली तेव्हा प्रत्येक सरीच्या आडोशाला पंधरा-वीस पक्षी वाऱ्याकडे तोंड करून उभे असलेले दिसले. रस्त्याने जाणाऱ्याला ते शेत रिकामं वाटलं असतं. तुमच्या पाहणी पथकालाही वाटलं असतं, आणि त्यात त्यांचा दोष नाही.

सर्वांत जवळ काळ्या शेपटीचा एक मालगुजा होता. छाती अर्धी विटकरी आणि अर्धी हिवाळ्यातली करडी. लग्नाची पिसं यायला नुकती सुरुवात झाली होती. चोचीच्या गुलाबी मुळापर्यंत चिखल चढून वाळला होता, म्हणजे पाणी फिरेपर्यंत तो चरत होता. एक पाय पोटात घेऊन, चोच पाठीच्या पिसांत खुपसून तो झोपला. अशी झोप मी तासन्‌तास पाहिली आहे. डोळा मिटतो, दोन-तीन सेकंदांनी उघडतो, पुन्हा मिटतो. शेजारचा पक्षी फार जवळ सरकला तर तो दुसरा पाय खाली न टाकता एकाच पायावर उडी मारून बाजूला होतो.

मग शेतापलीकडच्या वाटेवरून भरावाची गाडी आली. सगळा थवा उठला. खाडीवर गेला, तिथे पाणीच पाणी, परत आला. उतरतो न उतरतो तोच एक मोकाट कुत्रा सरी ओलांडत धावला. पुन्हा सगळे वर. सत्तर मिनिटांत हे पक्षी सहा वेळा उडाले. शेवटच्या वेळी उतरल्यावर तो मालगुजा दोन्ही पायांवर उभा राहिला, मान ताठ, चोच पुढे. त्यानंतर पाणी उतरेपर्यंत त्याने चोच पिसांत घातली नाही.

ती गाडी ज्या शेताकडे जात होती तेही माझ्या ओळखीचं होतं. या बांधालगतच्या चार शेतांत पक्षी उतरत असत. त्यांतल्या एकाची पाहणी तीन वर्षांपूर्वी एका कार्यालयाने केली होती. ती जानेवारीत, भर ओहोटीच्या वेळी झाली. पाहणी करणारी माणसं सभ्य होती, मन लावून काम करत होती. त्यांनी मला विचारलं, मी सांगितलं, त्यांनी वहीत लिहूनही घेतलं. अहवालात मात्र ‘पाहणीच्या वेळी पक्षी आढळले नाहीत’ एवढंच वाक्य आलं. ते खरंच होतं. त्या वेळी सगळे पक्षी दीड किलोमीटर लांब चिखलात चरत होते. आज त्या शेतावर पुरुषभर उंचीचा भराव आहे. त्या वर्षीच्या मार्चमध्ये थवा सवयीने तिथे आला, मातीच्या ढिगाऱ्यावर घिरट्या घालत राहिला आणि अखेर उरलेल्या तीन शेतांत दाटीवाटीने उतरला. आता त्या तिनांतल्या एकावरही गाड्या जाऊ लागल्या आहेत.

तुमच्या अहवालांतली पक्ष्यांची संख्या बहुधा जानेवारीची असते. आंतरराष्ट्रीय पाणपक्षी गणना १९६७ पासून आणि आशियातली गणना १९८७ पासून जानेवारीत होत आली आहे, आणि तिचं मोल मी जाणतो. मीही त्यात दर वर्षी मोजतो. पण ती हिवाळ्यात स्थिरावलेल्या पक्ष्यांची गणना आहे. वसंतात थवे येतात, आठ-दहा दिवस खातात, निघून जातात, त्यांच्या जागी दक्षिणेकडून दुसरे येतात. एका दिवशी पाचशे पक्षी दिसले तर त्या महिन्यात त्या जागेवर विसावलेले पक्षी पाचशेच होते असं समजता येत नाही. शिवाय जानेवारीत जो दांडा पुरतो तो मार्चच्या उधाणात बुडतो, हे वर सांगितलंच.

कुणी म्हणेल, शेत गेलं तर पक्षी दुसरीकडे जातील. किती दूर? चरण्याची जागा आणि विसाव्याची जागा यांतलं अंतर वाढलं की रोजची ये-जा महाग पडते. ती फारच महाग झाली की पक्षी चांगला, किड्यांनी भरलेला चिखलसुद्धा सोडून देतात. म्हणजे बांधाअलीकडचं शेत गेलं की बांधापलीकडची संरक्षित खाडीही हळूहळू ओस पडते. तुम्ही ज्या जागेसाठी एवढा खर्च आणि एवढी मेहनत करता, ती अशी मागच्या दाराने हातची जाते. दुसरीकडे जाण्याची गोष्ट दक्षिण कोरियातल्या सेमांगमच्या वेळीही बोलली गेली होती. तिथे ३३ किलोमीटरांहून लांब समुद्रभिंत २००६ मध्ये सांधली गेली आणि प्रचंड चिखलपट्टा भरतीपासून तुटला. त्यावर वसंतात थांबणारे मोठे जलरंक शेजारच्या किनाऱ्यांवर तेवढ्या संख्येने वाढलेले दिसले नाहीत. ते कमी झाले. आज मोठा जलरंक जगभरात संकटग्रस्त आहे. बारीक चोचीच्या कोरलाचं तर नावच पुसलं गेलं. मोरोक्कोतल्या मेर्जा झेर्गा इथे १९९५ साली तो शेवटचा निर्विवादपणे दिसला, आणि २०२५ मध्ये तो नामशेष झाल्याचं जाहीर झालं.

शेत आणि पाणथळ जागा एकमेकांपासून किती अभिन्न आहेत हे काळ्या शेपटीच्या मालगुज्याइतकं कुणी दाखवून देत नाही. नेदरलँडमध्ये घरटी करणाऱ्या या पक्ष्यांपैकी पुष्कळ जण हिवाळा पश्चिम आफ्रिकेच्या भातखाचरांत काढतात. जानेवारी-फेब्रुवारीत ते पोर्तुगालच्या तेजो आणि सादो नद्यांच्या मुखांजवळ हजारोंच्या थव्यांनी उतरतात, आणि तिथे कापणी होऊन गेलेल्या ओल्या खाचरांतलं सांडलेलं भात वेचून खातात. मार्चमध्ये नेदरलँडच्या कुरणांत पोचतात, तेही शेतकऱ्याच्याच मालकीच्या. तिथल्या लोकांनी २०१५ साली या पक्ष्याला आपला राष्ट्रीय पक्षी म्हणून निवडलं. हिवाळा खाचरात, वाटेतला मुक्काम खाचरात, घरटं कुरणात: याचा सगळा संसार कुणा ना कुणा शेतकऱ्याच्या जमिनीवर. अशा पक्ष्याला फक्त खाडीची सीमा आखून कसं वाचवणार?

नियमांत हे बसत नाही, असं उत्तर मला एकदा मिळालं होतं, म्हणून नियमाविषयीही लिहितो. इराणमधल्या रामसर इथे २ फेब्रुवारी १९७१ रोजी झालेल्या, पाणथळ जागांविषयीच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या कलमातच म्हटलं आहे की पाणथळ जागेला लागून असलेला नदीकाठचा आणि किनाऱ्याचा पट्टा तिच्या सीमेत घेता येतो, विशेषतः पाणपक्ष्यांसाठी तो महत्त्वाचा असेल तेव्हा. करार झाला तेव्हापासून ही मुभा आहे. जपानने २००५ मध्ये रामसर यादीत घातलेल्या एका जागेचं अधिकृत नावच ‘काबुकुरी-नुमा आणि भोवतालची भातखाचरं’ असं आहे. तिथे तळ्यात रात्र काढणारे रानहंस दिवसा खाचरांत चरतात. सीमा आखणाऱ्यांनी त्यांचा दिवस आणि रात्र दोन्ही पाहिली. २००८ मध्ये दक्षिण कोरियातल्या छांगवन इथल्या परिषदेत सदस्य देशांनी भातखाचरांना पाणथळ परिसंस्था मानणारा स्वतंत्र ठरावही केला. वाट मळलेली आहे.

आता शेतकऱ्याचं. हे लिहिताना मला सर्वांत जास्त जपून लिहावंसं वाटतं, कारण पक्षिप्रेमी माणसं दुसऱ्याच्या जमिनीविषयी फार सहज बोलतात. शेताभोवती संरक्षणाची रेषा काढली आणि मालकाला एक नोटीस पाठवली, की पुढच्या वर्षी त्या शेतात पक्षी उतरू नयेत याची तो काळजी घेईल, आणि त्याच्या जागी मी असतो तर कदाचित मीही घेतली असती. युरोपच्या उत्तर किनाऱ्यांवर वसंतात रानहंसांचे थवे कोवळ्या गव्हावर आणि गवतावर उतरतात, तिथे शेतकऱ्याचं नुकसान होतं, आणि ते मान्य करून भरपाई द्यावी लागते. चिखल्या, तुतवार, मालगुजे यांचं तसं नाही. ते उभं पीक खात नाहीत. पीक निघाल्यावर येतात आणि पुढचं पेरण्याआधी जातात. त्यांना हवी असतात ती वर्षातली मोजकी उधाणं आणि त्या उधाणांचे मोजके तास. कॅलिफोर्नियात २०१४ पासून एक निसर्गसंस्था भातशेतकऱ्यांना फेब्रुवारी-मार्चमध्ये काही आठवडे खाचरांत पाणी धरून ठेवण्याचे पैसे देते. कुणाला किती हवेत हे शेतकरी स्वतः बोली लावून सांगतात. जमीन विकत घेतली जात नाही, मालकी हलत नाही, पुढचा हंगाम बुडत नाही. ज्या आठवड्यांत पक्ष्यांना जागा लागते तेवढ्याच आठवड्यांचा व्यवहार. हा मार्ग मला सगळ्यात माणुसकीचा वाटतो.

त्या सकाळी मी ज्या नांगरलेल्या शेतासमोर बसलो होतो त्याचे मालक गेल्या वर्षी माझ्याशेजारी बांधावर येऊन बसले. टेलिस्कोपमधून त्यांनी मालगुज्याला बराच वेळ पाहिलं. म्हणाले, “हे येतात ते दिसतं दरसालला. पण हे इथे झोपायला येतात हे ठाऊक नव्हतं.” नांगरट चार दिवस पुढे ढकलायला त्यांना अडचण नव्हती. त्यांना आजवर कुणी विचारलंच नव्हतं.

एक विनंती झाडांबद्दल. मोकळा बांध आणि मोकळा चिखल दिसला की तिथे झाडं लावण्याचे कार्यक्रम होतात, खारफुटीची रोपं चिखलात खोचली जातात. झाड लावणं चांगलंच, पण या जागी नको. बांधावर उंच झाडांची रांग उभी राहिली की तिच्या लगतच्या शेतात हे पक्षी उतरायचे थांबतात, कारण ससाण्याला बसायला जागा मिळते आणि त्यांना दूरचं दिसत नाही. जिथे खारफुटी आपणहून उगवत नाही तिथे ती लावणं म्हणजे चरण्याच्या जागेवर छप्पर घालणं. विजेच्या तारांचंही तसंच. पहाटेच्या अंधुक उजेडात थवा खाडीतून शेताकडे येतो तो नेमका तारांच्या उंचीवरून.

आणि आम्ही. दुर्बिणी आणि कॅमेरे घेऊन फिरणाऱ्या आमच्यासारख्यांमुळेही थवे उडतात. उडत्या थव्याचा फोटो मिळावा म्हणून मुद्दाम चालत पुढे गेलेला माणूस मी पाहिला आहे, आणि सुरुवातीच्या वर्षांत मी स्वतः गरजेपेक्षा जवळ गेलो आहे. पक्ष्यांनी माना वर केल्या की थांबायचं. एकाने जरी पंख उघडले तरी उशीर झालेला असतो. तुम्ही भरतीच्या वेळी बांधाचा तो भाग बंद करणार असाल तर तो आमच्यासाठीही बंद करा. आम्ही लांबून पाहू.

सीमा पुन्हा तपासाल तेव्हा पाहणी मार्चमधल्या उधाणाला ठेवा, दिवसा येणाऱ्या भरतीच्या वेळी. सलग तीन दिवस ठेवलीत तर उत्तम, कारण वाऱ्याच्या दिशेप्रमाणे पक्षी शेत बदलतात. ज्या शेतांत ते उतरतील त्यांवर खूण करा आणि त्याच दिवशी मालकांशी बोला. तोवर उरलेल्या तीन शेतांपैकी ज्याकडे गाड्या जाऊ लागल्या आहेत, तिथला भराव थांबवा.

माझ्याकडे सोळा वर्षांच्या वह्या आहेत. तारीख, भरतीची वेळ, वारा, कोणत्या शेतात किती पक्षी, किती वेळा उडाले. त्या मी तुमच्या स्वाधीन करायला तयार आहे. पण वह्यांआधी तुम्ही स्वतः या. भरती भरायच्या दोन तास आधी बांधावर पोचा, मळकट रंगाचे कपडे घाला, आणि उतारावर खाडीकडे पाठ करून बसा. टेलिस्कोप मी आणतो.

आपला,
बांधावरचा एक पक्षिनिरीक्षक